पायाळूचं अंजन आणि जमिनीखालचं विष

पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीत पुरलेलं धन दिसतं, असा आपल्याकडचा जुना समज. पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. धनासाठी पायाळू, तसा पाण्यासाठी पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतातून चालतो, नारळ उभा राहिला की तिथे दगड ठेवतो, आणि शेतकरी कर्ज काढून त्या जागी बोअर मारतो. पाणी लागलं तर पाणाड्याचा गुण, नाही लागलं तर आपलं नशीब.

धन आणि पाणी यांच्या जोडीला गेल्या पाऊणशे वर्षांत जमिनीखाली शोधायची तिसरी एक गोष्ट तयार झाली आहे, आणि ती माणसानेच तिथे घातली आहे. कारखान्यामागे खड्डा करून पुरलेला गाळ, पेट्रोलपंपाच्या गंजलेल्या टाकीतून झिरपलेलं इंधन, यंत्रांचं ग्रीस धुऊन ओतून दिलेली विद्रावकं, क्रोमियमच्या कारखान्यांनी टाकलेली पिवळी माती. वरून काहीच दिसत नाही. पाण्याला वास येऊ लागतो, चव बदलते, भांड्यांवर डाग पडतात, मग चौकशी सुरू होते. तोवर वीस-तीस वर्षं उलटून गेलेली असतात.

या चौकशीत दोन प्रश्न असतात आणि ते सारखे एकमेकांत मिसळले जातात. खाली काही आहे का, हा शोधाचा प्रश्न. जे आहे ते नेमकं कोणतं रसायन, किती, आणि कुणाचं, हा ओळखीचा. शोधाची साधनं गेल्या चाळीस वर्षांत शेतात, रस्त्यावर, कारखान्याच्या आवारात नेता येतील इतकी सुटसुटीत झाली. ओळख मात्र अजून बरीचशी प्रयोगशाळेतच होते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याचं म्हणून खपवलं गेलं, किंवा ‘आम्हाला आढळलं नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा लावला गेला, की माणसं ते पाणी पीत राहतात. या विषयातल्या मोठ्या चुका पाहिल्या तर त्यातल्या बऱ्याच याच एका जागी झालेल्या दिसतात.

सुरुवात बहुधा नाकाने होते. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरातला ‘लव्ह कॅनॉल’ हा अर्धवट खणून सोडलेला कालवा. हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे वीस हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि वर माती टाकून ती जमीन एका डॉलरला शाळा मंडळाला दिली. तिथे शाळा झाली, वस्ती झाली. सत्तरच्या दशकात पावसाळी वर्षं आली आणि घरांच्या तळघरांत काळपट, उग्र वासाचं पाणी साचू लागलं. पुढे तिथे दोनशेहून अधिक संयुगं सापडली. ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली, १९८० मध्ये ‘सुपरफंड’ कायदा आला, आणि पुरलेलं रसायन शोधणं हा तिथे एक रीतसर व्यवसाय झाला.

नाकाच्या पुढची पायरी म्हणजे हातात धरायचं प्रकाश-आयनीकरण यंत्र. जमिनीत सळई खुपसून भोक पाडायचं, त्यातली हवा यंत्रात ओढायची. आत अतिनील दिवा असतो. त्याच्या प्रकाशाने रेणूतला इलेक्ट्रॉन सुटला की प्रवाह वाहतो आणि काटा हलतो. बेंझिन, टोल्युइन, ट्रायक्लोरोइथिलीन हे सगळे यात पकडले जातात. पण कोण पकडलं गेलं ते यंत्र सांगत नाही. काहीतरी आहे, एवढंच सांगतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नेहमीच्या दिव्याची ताकद असते १०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. क्लोरोफॉर्मचा इलेक्ट्रॉन सोडवायला ११.३७ लागतात, कार्बन टेट्राक्लोराइडला ११.४७. म्हणजे ही दोन रसायनं त्या भोकात भरून राहिली असली तरी काटा जागचा हलणार नाही. ११.७ चा दिवा मिळतो, पण त्याची काच दमटपणाने लवकर खराब होते, म्हणून रोजच्या कामात तो फारसा वापरला जात नाही. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे भोपाळमध्ये त्यांची गाठ पडणार आहे.

हवेतून वास घेण्याचं तंत्र सोपं, पण खाली गेलेला पदार्थ जागच्या जागी थांबत नाही, ही खरी अडचण. पेट्रोल पाण्याहून हलकं, ते भूजलाच्या पातळीवर तरंगतं. ट्रायक्लोरोइथिलीनसारखी क्लोरीनयुक्त विद्रावकं पाण्याहून जवळजवळ दीडपट जड. ती भूजलाच्या पातळीला थांबत नाहीत, पाण्यातूनही खाली बुडतात आणि एखाद्या चिकण थराच्या खोलगटात साचून बसतात. जर्मनीत कोब्लेन्झला फ्रिडरिश श्विले या जलवैज्ञानिकाने काचेच्या टाक्यांत वाळू भरून हे दाखवून दिलं. विद्रावकाच्या धारा वाळूतून वाकड्यातिकड्या, बोटांसारख्या खाली जातात. हातभर अंतरावर बोअर मारलं तर त्यात थेंबही सापडणार नाही. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीनची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबाने या द्रवाचं एक लिटर सुमारे २९ कोटी लिटर पाणी बाद करायला पुरतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एकोणतीस हजार टँकर.

पाण्यात विरघळल्यावर ही रसायनं कशी प्रवास करतात याचा सर्वांत चिकाटीचा प्रयोग कॅनडात झाला. टोरोंटोच्या उत्तरेला बॉर्डन नावाचा लष्करी तळ आहे. तिथल्या वाळूत ऑगस्ट १९८२ मध्ये वॉटर्लू आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांच्या संशोधकांनी सुमारे बारा घनमीटर पाणी सोडलं. त्यात क्लोराइड, ब्रोमाइड आणि मुद्दाम मिसळलेली पाच सेंद्रिय रसायनं होती. मग पाच हजारांहून अधिक ठिकाणांहून, वेगवेगळ्या खोलीवरून, सुमारे दोन वर्षं नमुने घेतले गेले. क्लोराइड दिवसाला साधारण ९ सेंटिमीटर सरकलं. कार्बन टेट्राक्लोराइड त्याच्या मागे पडलं, डायक्लोरोबेंझिन त्याहूनही मागे. सगळी एका दिवशी, एकाच जागी सोडलेली, तरी त्यांची वरात लांबत गेली. त्यामुळे एका विहिरीत आज एकच रसायन सापडलं तर मागून काय येतंय ते त्या विहिरीला ठाऊक नसतं. जॉन चेरी यांच्या पुढाकाराने बॉर्डनला झालेल्या या कामातून भूजल-प्रदूषणाचं शास्त्र उभं राहिलं. चेरींना २०२० मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. पाच हजार नमुनाबिंदू ही चैन मात्र त्यानंतर फार थोड्या जागांच्या वाट्याला आली.

एवढ्या बोअरी मारणं परवडत नाही म्हणून दुसरी कल्पना निघाली. बोअर न मारता ट्रकच्या वजनाने टोकदार दांडा जमिनीत दाबत न्यायचा आणि दांड्याच्या टोकातच यंत्र बसवायचं. माती किती कडक, वाळू की चिकण, हे दांड्याला लागणाऱ्या जोरावरून कळतं. अमेरिकी लष्कराने नव्वदच्या दशकात अशा दांड्याला नीलमण्याची छोटी खिडकी बसवली आणि आतून लेझरचा झोत सोडला. डिझेल, डांबरी तेल यांतली संयुगं त्या प्रकाशात चमकतात, आणि दर दोन-चार सेंटिमीटरला किती चमक मिळाली याचा आलेख गाडीत बसून पाहता येतो. ट्रायक्लोरोइथिलीन मात्र चमकत नाही. त्याच्यासाठी वेगळं टोक लागतं. त्यात शंभरहून अधिक अंशांना तापवलेला एक पातळ पडदा असतो. मातीतली वाफ पडद्यातून आत येते, नायट्रोजन तिला नळीतून वर आणतो आणि गाडीतले शोधक तिला मोजतात. याही पद्धतीत क्लोरीनवाला कोणीतरी आहे आणि तो या खोलीवर आहे एवढं कळतं. नाव कळत नाही.

नाव कळायचं तर मिश्रण वेगळं करावं लागतं. ते काम वायू-क्रोमॅटोग्राफ करतो. लांब, केसासारख्या नळीतून वाफ पाठवली की हलकी-जड, चिकट-सुटी संयुगं वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. बाहेर पडणाऱ्याला पकडणारे शोधक निरनिराळे. त्यांतला इलेक्ट्रॉन पकडणारा शोधक जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ मध्ये बनवला. क्लोरीन असलेल्या रेणूंच्या बाबतीत तो इतका संवेदनशील निघाला की कीटकनाशकांचे अंश जगभर कुठेकुठे पोचले आहेत ते त्याच्यामुळेच लक्षात आलं. शेवटी रेणूंचे तुकडे करून त्यांची वजनं मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर. त्या तुकड्यांच्या नक्षीवरून नाव पटतं. ही जोडी आता पंधरा-वीस किलोच्या पेटीत मावते आणि जागेवर दहा-पंधरा मिनिटांत उत्तर देते. शेतातली ओळख म्हणावी अशी ही खरी पहिली गोष्ट. पण ती महाग, चालवणाराही तयारीचा लागतो, आणि वाफ न होणाऱ्या पदार्थांपुढे तिचं काही चालत नाही.

धातूंचं तंत्र निराळं. बंदुकीसारखं क्ष-किरण यंत्र मातीला टेकवलं की मिनिटभरात शिसं, आर्सेनिक, क्रोमियम यांचे आकडे पडद्यावर येतात. पाहणारा दिपून जातो. तमिळनाडूतल्या राणीपेटला एका बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्यामागे, किंवा कानपूरजवळच्या राणिया भागात, जिथे भूजल हिरवट-पिवळं झालेलं आहे, हे यंत्र भरपूर क्रोमियम दाखवील. पण त्रिसंयुजी क्रोमियम मातीला धरून बसतं, त्याचा त्रास कमी. षट्संयुजी पाण्याबरोबर पळतं आणि कर्करोगाला कारण होतं. यंत्राला या दोघांतला फरक समजत नाही. तो समजतो डायफिनाइलकार्बाझाइड नावाच्या जुन्या, स्वस्त अभिकर्मकाला. षट्संयुजी असेल तर नळीतलं पाणी जांभळट गुलाबी होतं. लाखो रुपयांच्या यंत्राला जे सांगता येत नाही ते काचेची एक नळी सांगते, याची मला गंमत वाटते.

खणल्याशिवाय पाहायची आणखी एक रीत म्हणजे जमिनीची विद्युतरोधकता मोजणं. ही आपल्याकडे पाण्याच्या शोधासाठी ओळखीची आहे. चार खुंट्या, बॅटरी, वायरींची भेंडोळी घेऊन येणाऱ्या भूवैज्ञानिकाला खेड्यात ‘मशीनवाला पाणाड्या’ म्हणतात. क्षार विरघळलेलं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे खारट गाळाचा लोट नकाशावर उठून दिसतो. पुरलेली पिंपं चुंबकमापीला सापडतात, खड्ड्याच्या कडा भूभेदी रडारला. पण काळ्या चिकणमातीत रडारच्या लहरी हातभर खाली जाऊन विरतात. आणि विद्रावकाचे लिटरमागे चारदोन मायक्रोग्रॅम यांतल्या कुठल्याच पद्धतीला दिसत नाहीत. कुठे खणावं हे त्या सांगतात, काय निघेल ते नाही.

झाडांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अध्याय आहे. कोणतं झाड, कोणतं वारूळ कुठे असलं म्हणजे किती खोलीवर पाणी लागेल, हा त्याचा विषय. आपल्या पाणाड्यांचं उंबराकडे लक्ष असतं ते त्याच परंपरेतलं. १९९९ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिकांनी सव्हाना नदीकाठच्या झाडांच्या खोडांतून पेन्सिलीएवढा गाभा काढून त्यात भूजलातलं ट्रायक्लोरोइथिलीन मोजून दाखवलं. मुळं पाणी ओढतात, त्याबरोबर विष खोडात येतं. आज ही पद्धत प्राथमिक पाहणीसाठी रीतसर वापरली जाते. आपल्या औद्योगिक वसाहतींच्या कडेला बाभळी आणि सुबाभळी काही कमी नाहीत.

आता भोपाळ. नाव घेतलं की २ डिसेंबर १९८४ ची वायुगळतीची रात्र आठवते. जमिनीखालची गोष्ट तिच्या आधी सुरू झाली आणि अजून संपलेली नाही. कारखान्याच्या उत्तरेला १९७७ मध्ये सुमारे ३२ एकरांवर सौर बाष्पीभवन तळी बांधली गेली. सांडपाणी तिथे सोडायचं, पाणी उडून जाईल, गाळ राहील. तळाला प्लास्टिकचं अस्तर होतं. १९८२ मध्ये भोपाळहून कंपनीच्या वरिष्ठांना गेलेल्या टेलेक्समध्ये तळी गळत असल्याबद्दल चिंता व्यक्त केली आहे. बॉर्डनला संशोधक वाळूत मोजूनमापून कार्बन टेट्राक्लोराइड सोडत होते तेच वर्ष. १९८९ मध्ये कंपनीने स्वतः आवारातली माती आणि पाणी तपासलं. त्या पाण्यात सोडलेले मासे मेले. हे कागद बाहेर आले ते पुढे न्यूयॉर्कच्या न्यायालयातल्या दाव्यात.

नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने १९९० मध्ये आणि नंतर १९९७ मध्ये इथला अभ्यास केला. १९९७ चा निष्कर्ष असा की आवारातली माती दूषित आहे, भूजल मात्र नाही. पृष्ठभागावरचं प्रदूषण भूजलापर्यंत पोचायला तेवीस वर्षं लागतील, असा हिशेब त्यात होता. तो उभा होता मातीच्या पाझरक्षमतेवर. आर्थर डी. लिटल या सल्लागार कंपनीने मसुद्यावर अभिप्राय देताना म्हटलं की परिस्थिती वाईट धरली तर हा काळ दोन वर्षांचाही असू शकतो. एका अहवालातले तेवीस आणि दुसऱ्याच्या टिपणातले दोन, यांच्यामध्ये हजारो माणसांचे हातपंप होते. १९९९ मध्ये ग्रीनपीसने नमुने नेऊन इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या प्रयोगशाळेत तपासले. हातपंपांच्या पाण्यात कार्बन टेट्राक्लोराइड निघालं, क्लोरोफॉर्म निघालं, डायक्लोरोबेंझिनं निघाली.

ही यादी मघाच्या दिव्यापुढे ठेवून पाहा. पहिली दोन १०.६ च्या दिव्याला दिसतच नाहीत. नुसतं हातातलं यंत्र घेऊन कुणी त्या वस्तीत फिरलं असतं तर प्रामाणिकपणे ‘काही आढळलं नाही’ असं लिहून परत आलं असतं.

ओळखीचा दुसरा अर्थ, म्हणजे कुणाचं विष, हाही भोपाळमध्येच नीट कळतो. २००९ मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने कारखान्याच्या आतली माती आणि बाहेरच्या वस्त्यांतलं पाणी एकत्र तपासलं. दोन्हीकडे क्लोरीनयुक्त बेंझिनं आणि कीटकनाशकं यांचा तोच मेळ निघाला, तीन किलोमीटरवरच्या नमुन्यातसुद्धा. या कारखान्यात ‘सेविन’ हे कीटकनाशक बनत असे, आणि त्यात लिंडेन मिसळून ‘सेविडॉल’. शेतकरीही लिंडेन फवारत असत, त्यामुळे नुसतं लिंडेन सापडलं तर ते शेतातून आलं असं म्हणता येतं. लिंडेनबरोबर ती विशिष्ट बेंझिनं सापडली की मात्र दिशा एकाच फाटकाकडे जाते. एकेका रसायनाला पत्ता नसतो, जमावाला असतो. कार्बनच्या समस्थानिकांवरून याच्याही पुढे जाता येतं. जंतू विद्रावक पचवतात तेव्हा हलक्या कार्बनचे रेणू आधी तुटतात, उरलेल्यात जड कार्बनचं प्रमाण वाढतं. त्यावरून रसायन नुसतं पाण्यात मिसळून पातळ झालं की खरोखर नष्ट होतंय, हेही ठरवता येतं. हे सगळं प्रयोगशाळेतलं काम.

२०१० मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आवारात विद्युतरोधकतेचे छेद घेतले आणि पुरलेल्या कचऱ्याच्या जागा आखल्या. नीरी आणि या संस्थेच्या अभ्यासाने दूषित मातीचा अंदाज अकरा लाख टन दिला. २०१८ मध्ये लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेने बेचाळीस वस्त्यांचं भूजल दूषित असल्याचं नोंदवलं. जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरांतून ३३७ टन कचरा पिथमपूरला गेला आणि जूनअखेर जाळला गेला तेव्हा वर्तमानपत्रांत भोपाळचा कचरा संपल्याच्या बातम्या आल्या. संपला तो जमिनीवर, गोदामात भरून ठेवलेला. अकरा लाखांपुढे ३३७ चा हिशेब वाचकाने करून पाहावा.

बांगलादेशातली गोष्ट याच्या उलट टोकाची. तिथलं आर्सेनिक कुठल्या कारखान्याचं नव्हे, निसर्गाचं, नद्यांच्या गाळातलं. पण शेतातल्या तपासणीचा एवढा मोठा प्रयोग जगात दुसरा झालेला नाही. १९९२ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथल्या दीडशे विहिरींचं पाणी अनेक मूलद्रव्यांसाठी तपासलं. आर्सेनिक त्या यादीत नव्हतं. पश्चिम बंगालमध्ये, सीमेच्या अलीकडे, आर्सेनिकाचे रुग्ण १९८३ पासून माहीत होते. पुढे एका बांगलादेशी गावकऱ्याने लंडनच्या न्यायालयात दावा लावला. ‘जे तपासलंच नाही त्याबद्दल आम्ही जबाबदार नाही’ हा बचाव २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मान्य केला. कायद्याने तो बरोबर असेल. अहवाल वाचणाऱ्याने मात्र पाणी तपासलेलं आहे असंच समजायचं असतं ना?

त्यानंतर सुमारे पन्नास लाख नळविहिरी किटने तपासल्या गेल्या. रीत शंभर वर्षांहून जुनी, गुटझाइट यांची. पाण्यात जस्त आणि आम्ल टाकलं की आर्सेनिकाचा वायू होतो, तो मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदावर पिवळा ते तपकिरी डाग पाडतो. डाग गडद तर पंपाला लाल रंग, नाही तर हिरवा. साधारण एकोणतीस टक्के विहिरी लाल झाल्या. जादवपूर विद्यापीठाच्या दीपांकर चक्रवर्ती यांच्या गटाने २००२ मध्ये हीच किट प्रयोगशाळेशी ताडून पाहिली. दूषित असून चांगलं ठरवण्याचं प्रमाण काही किटमध्ये ६८ टक्क्यांपर्यंत, चांगलं असून दूषित ठरवण्याचं ३५ टक्क्यांपर्यंत. कागदाचा डाग डोळ्यांनी पाहायचा, तोही दुपारच्या उन्हात, आणि मर्यादेच्या आसपासच्या छटा एकमेकींत मिसळणाऱ्या. तरीही मी किटच्या बाजूचा आहे. खूप विषारी विहिरी तिने बिनचूक पकडल्या, आणि शेजारच्या हिरव्या पंपावरून पाणी आणणारी लाखो घरं त्यामुळे वाचली. किट वाईट नव्हती. लाल-हिरवा रंग एकदा लागला की तो कायमचा निकाल मानला गेला, तिथे चूक झाली.

आपल्याकडे जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना अशाच किटचं प्रशिक्षण देण्याची योजना आहे. कडकपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह हे त्या तपासू शकतात. फ्लोराइडने दात आणि हाडं गेलेल्या गावांत याचं मोल मोठं आहे. पण औद्योगिक वसाहतीच्या शेजारच्या गावात या किटच्या सगळ्या नळ्या निर्मळ निघाल्या तरी विद्रावकांबद्दल तिने काहीच सांगितलेलं नसतं.

आणि मग आपला दगड. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा. वर वर्णन केलेला ट्रकने दाबायचा दांडा वाळूसाठी, गाळासाठी जन्मलेला. आपल्याकडे तो काळी माती ओलांडतो, मुरमात अडखळतो आणि पत्थराला लागून थांबतो. पाणी तर त्याच्याही खाली असतं, भेगांत, दोन लाव्हाथरांमधल्या तांबड्या मातीच्या पट्ट्यात, विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र दगडात. बॉर्डनची वाळू दिवसाला नऊ सेंटिमीटर पाणी नेते. भेगेत ते किती धावेल याचा भरवसा नाही, आणि दोन विहिरींपैकी दूरची आधी दूषित होऊ शकते. श्विलेंची बोटं वाळूत वाकडी गेली, दगडात ती भेग जिकडे नेईल तिकडे जातात.

त्यात आपली बोअर मारायची पद्धत. वरच्या मातीपुरता केसिंग पाइप, खाली उघडा दगड. दोनशे-तीनशे फुटांत चार-पाच ठिकाणी पाणी लागलं तर ते सगळं एकाच भोकात मिसळतं. अशा बोअरचा नमुना म्हणजे पाच भेगांची सरासरी. एक भेग विषारी असली तरी बाकीच्या चार तिला पातळ करून मर्यादेखाली आणतात. शिवाय वरच्या थरातलं विष खाली उतरायला ते भोक आयता जिना होतं. इलाज आहेत. बोअरमध्ये फुगे बसवून एकेका भेगेचं पाणी वेगळं काढता येतं. जिथे विद्रावक टेकेल तिथे डाग पडणारं रंगीत आवरण चढवलेली कापडी नळी भिंतीला दाबून धरली की कोणती भेग दोषी ते कळतं. हे सगळं सावकाश आणि खर्चाचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिलं आलं. तिथल्या दगडात असं काम वर्षानुवर्षं चालायला हवं.

शोधयंत्रांची शर्यत संपलेली नाही, कारण शोधायची वस्तूच बदलते आहे. नॉनस्टिक भांडी आणि अग्निशामक फेस यांतली फ्लोरीनयुक्त ‘पीफास’ रसायनं निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. अमेरिकेने २०२४ मध्ये त्यांतल्या दोन प्रमुख रसायनांसाठी लिटरला ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा घातली. म्हणजे शंभर कोटी लिटर पाण्यात चार ग्रॅम. यांना वास नाही, रंग नाही, दिव्याला ती दिसत नाहीत, लेझरला चमकत नाहीत. नमुना घेणाऱ्याच्या अंगावर जलरोधक कपडे असतील तर त्यातूनही ती नमुन्यात उतरू शकतात. जागेवर भरवशाने मोजणारं साधन अजून नाही. द्रव-क्रोमॅटोग्राफ आणि दुहेरी मास स्पेक्ट्रोमीटर असलेल्या प्रयोगशाळेतच जावं लागतं.

हे दूरचं वाटत असेल तर इटलीतल्या व्हेनेतो प्रांताकडे पाहा. तिथे ट्रिस्सिनो गावच्या मितेनी कारखान्यामुळे भूजल पीफासने दूषित झाल्याचं २०१३ मध्ये उघड झालं. सुमारे साडेतीन लाख लोकांचा प्रश्न होता. २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला. त्याची यंत्रसामग्री लिलावात महाराष्ट्रातल्या एका कंपनीने घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामला आणली. लोट्याचं भूजल त्याने बिघडलं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्यापुढे नाही. माझं म्हणणं एवढंच, की आजच्या पाण्यात काय आहे याची पीफाससकट नोंद आजच झाली पाहिजे. उद्या काही सापडलं तर ते आधीपासून होतं की नंतर आलं, हे सांगणारं दुसरं काही हाताशी नसेल. व्हेनेतोत अशी जुनी नोंद नव्हती आणि त्याची किंमत रक्त तपासून मोजावी लागली.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने सहा-सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, राज्य मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक पाहणी करायची, मग सविस्तर सर्वेक्षण. पाहायच्या घातक रसायनांची संख्या १८९. नियम आले तेव्हा देशात अशी १०३ स्थळं नोंदलेली होती, सफाईचं काम सुरू झालं होतं सात ठिकाणी. नियम चांगले आहेत. नव्वद दिवसांत बेसाल्टमधल्या भेगा बोलत्या होतील का, याबद्दल मला शंका आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहिल्याशिवाय आपल्या विहिरीचं पाणी कुठून येतं तेसुद्धा कळत नाही.

तोवर वाचकाच्या हातात एक गोष्ट आहे. तुमच्या गावच्या किंवा सोसायटीच्या बोअरच्या पाण्याचा अहवाल पुढच्या वेळी आला की तळाशी मारलेला ‘पिण्यास योग्य’ हा शिक्का शेवटी वाचा, आधी मधला तक्ता वाचा. कोणती रसायनं तपासली, शेजारच्या कारखान्यात वापरली जाणारी रसायनं त्यात आहेत का, आणि प्रत्येकाची किमान मोजता येणारी मर्यादा किती लिहिली आहे, ते पाहा. तक्ता जोडलेला नसेल तर तो लेखी मागून घ्या.